डाग खरा की खोटा

सोमवार, ३ तारीख

ही वही नवऱ्याने आणून दिली. "रोज रात्री जेवताना तू मला लोकांचे सांगाडे वाचून दाखवतेस, ते आता हिच्यात लिहीत जा. मला निवांत जेवू दे," म्हणाला. तर लिहिते. निदान वही मध्येच "मीठ दे जरा" म्हणणार नाही.

आमचा विभाग हॉस्पिटलच्या तळघरात आहे. न्यूक्लिअर मेडिसिन अशी पाटी वाचली की माणसं दोन पावलं मागे सरतात, म्हणून पाटीखाली कोणीतरी कुंडी ठेवली आहे. काम तसं साधं. माणसाच्या शिरेत किरणं टाकणारं थोडंसं औषध द्यायचं. ते हाडांत जाऊन बसतं. दोन-तीन तासांनी त्याला कॅमेऱ्याखाली झोपवलं की आतून येणाऱ्या किरणांनी सगळ्या हाडांचं चित्र उमटतं. हाडात काही बिघडलं असेल तर तिथे काळा डाग येतो, आणि रोगाने हाड पोखरलं असेल तर कधी कधी उलट, तेवढाच भाग रिकामा, पांढरा दिसतो. त्याला आम्ही गार डाग म्हणतो. डाग ओळखायचे आणि रिपोर्ट लिहायचा, एवढ्यासाठी मला पगार मिळतो.

आज मात्र पगार परत द्यावा असं वाटलं. एका गृहस्थांच्या मांडीच्या हाडावर ठसठशीत काळा डाग दिसला. मी चेहरा गंभीर करून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते आमचे विभागप्रमुख. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पडद्याकडे बघितलं आणि त्या गृहस्थांना सांगितलं, "पाय धुऊन या आणि दुसरा पायजमा घाला." पुन्हा चित्र घेतलं, डाग गायब. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, एखादा थेंब कपड्यावर सांडतो आणि कॅमेऱ्याला कपडा आणि हाड यातला फरक कळत नाही. हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, त्याचे मार्कही घेतलेत. आणि समोर आला तेव्हा पायजम्याला कॅन्सर झाल्याचं निदान करून बसले.

मोठे डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

उद्यापासून ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. जाताना म्हणाले, "आता सगळे रिपोर्ट तुमच्या सहीने जातील. मला फोन करू नका, मी उचलणार नाही." पायजमा प्रकरण चांगलंच लागलेलं दिसतंय त्यांना.

मंगळवार, ४ तारीख

एकटीने पहिला दिवस. काही घडलं नाही. सगळ्यांची हाडं गुणी निघाली.

गुरुवार, ६ तारीख

आज कॅमेरामनशी वाजलं. कॅमेरामन म्हणजे आमचे टेक्निशियन. दिवसभर "हलू नका, हलू नका" म्हणत असतात म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना याच नावाने हाक मारतं. माणूस मनाचा चांगला, पण कॅमेरा स्वतःच्या हुंड्यात आल्यासारखा जपतो.

झालं असं की मी तीन जणांना परत झोपवायला लावलं. एकीच्या बरगडीत मला काहीतरी वाटलं, एकाचं डोकं वाकडं वाटलं, तिसरीचं काय वाटलं ते आता आठवतही नाही. तिन्ही वेळा पहिल्यासारखंच चित्र आलं. तिसरी बाई तर रडायलाच लागली. तिला वाटलं, परत बोलावलं म्हणजे आपलं काही खरं नाही. तिला काहीही झालेलं नव्हतं. मी तिचा हात धरून पाच वेळा सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. डॉक्टर असं उगाच कोणाला परत बोलावतील का, हे तिचं म्हणणं.

ती गेल्यावर कॅमेरामन म्हणाले, "बाई, हा कॅमेरा आहे, धर्मशाळा नाही. कोणीही यावं आणि दोनदा झोपावं!"

मी म्हटलं, "चुकलं तर सही माझी आहे."

"आणि परत परत बोलावून माणसं घाबरून मेली तर ती कोणाच्या सहीने?"

मला राग आला. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. घरी येताना ठरवलं, आता कानाला खडा. मनात नुसती पाल चुकचुकली म्हणून कोणाला परत बोलवायचं नाही. दिसलं ते लिहायचं.

रविवार, ९ तारीख

सासूबाईंना माझ्या नोकरीबद्दल शंका आहे, हे आता नक्की. रोज विचारतात, "आज किती जण बघितलेस? सगळे एकटीनेच? कोणी तपासलं नाही वरून?" मी "हो, एकटीनेच" म्हटलं की "बरं" म्हणून लगेच शेजारच्या वहिनींकडे निघून जातात. माझं उत्तर ऐकून बसवतही नसेल.

आणि इमारतीतल्या लोकांना काय झालंय कळत नाही. काल जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला थांबवून दिव्याच्या उजेडात जुना एक्स-रे धरला. आज पाणी सोडणारा माणूस गुडघा दाखवून गेला. मी इतकी वर्षं इथे राहते, कधी कोणी विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "लोकांना कुठून तरी कळतं हो." कुठून ते देव जाणे.

मंगळवार, ११ तारीख

आज नीट लिहायचंय, म्हणून घरी आल्याबरोबर बसले आहे. चहा इथेच मागवला. नवरा म्हणाला, "हुकूम सुटायला लागले." सुटू देत.

सकाळी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, साठीच्या आसपासच्या. बरोबर सून. बाईंना स्तनाचा कॅन्सर आहे. गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे, आणि उद्या सकाळी ऑपरेशन. हाडांचा स्कॅन मागच्या शुक्रवारीच व्हायचा, पण त्या दिवशी औषधाची खेप आली नाही म्हणून आजवर ढकलला गेला. ऑपरेशन उद्या होणार की नाही ते या एका स्कॅनवर होतं. हाडं स्वच्छ असली तर गाठ काढायची, बाई बऱ्या होण्याची आशा पुरेपूर. रोग हाडांत पोचला असेल तर ऑपरेशन रद्द, आणि मग पुढचं सगळंच वेगळं. मग बरं करण्याची भाषा कोणी करत नाही, जमेल तितके दिवस काढायचे अशी भाषा होते.

मी त्यांना माहिती विचारली. पाठ दुखते का? "दोन महिने झाले, बाई. पण मी जन्मभर मशीनवर वाकून बसलेली, दुखणार नाही तर काय गाणं म्हणणार?" मी लिहून घेतलं, पाठदुखी, दोन महिने. गाण्याचं लिहिलं नाही.

दुपारी चित्र पडद्यावर आलं. डोकं छान, बरगड्या छान, कमरेची हाडं छान. मग पाठीकडून घेतलेलं चित्र उघडलं. पाठीच्या मध्यावर, बरोबर मणक्याच्या रांगेत, एक गार डाग. लांबट, पांढरा, रिकामा. जणू एक मणका कोणीतरी काढूनच घेतला होता. पुढून घेतलेल्या चित्रात तिथे छातीचं हाड आड येतं, त्यामुळे त्यातून काही कळेना.

वरून पाठदुखी, दोन महिने.

मी कॅमेरामनना विचारलं, "अंगावर काही राहिलं नव्हतं ना?" त्यांनी कागद दाखवला. सोनं काढलं का, हो. छातीवर काही नाही ना, नाही. सगळं रीतसर.

एवढ्यात सर्जनचा फोन. "बाई, उद्याची यादी लावायचीय. ती शिवणवाली बाई घेऊ की नको?"

मी म्हटलं, "थोड्या वेळात सांगते."

"थोडा वेळ म्हणजे चहा पिईपर्यंत. माझा चहा आलाय."

मी रिपोर्ट लिहून काढला. मणक्यात रोग पसरल्याची दाट शक्यता. वाक्य नीट उतरलं, एका दमात. सहीचं बटण तेवढं दाबायचं होतं. गुरुवारी कानाला लावलेला खडा आठवत होता. रडणारी ती बाई आठवत होती. मोठ्या डॉक्टरांना फोन करावासा वाटला, पण ते उचलणार नव्हते.

मग मी चित्र मोठं केलं. केवळ बटण दाबायला उशीर व्हावा म्हणून केलं, उगाच फुशारकी नको. आणि तेव्हा त्या डागाच्या कडेकडे लक्ष गेलं. कड फार चांगली होती. रोग हाड खातो तो असा पट्टी धरून खात नाही, कुरतडतो. आणि हा डाग दोन्ही बाजूंना मणक्याच्या जरासा बाहेर गेला होता. जिथे हाडच नाही, नुसतं मांस फिकट करडं दिसायला हवं, तिथेही पांढरंफेक. हाडाचा रोग हाडाबाहेर कसा जाईल?

मी बटणावरचा हात काढला आणि सुनेच्या मोबाइलवर फोन लावला. त्या दोघी रिक्षात बसतच होत्या. "आईंना घेऊन परत येता का? अजून एक चित्र घ्यायचंय." मग मागून बाईंचा आवाज ऐकू आला, "येतो म्हणावं. आपण कुठे लांब गेलोय?"

कॅमेरामनना सांगितलं तर त्यांनी फक्त श्वास सोडला. मी म्हटलं, "ओरडायचं तर उद्या ओरडा."

बाई आल्या त्या बोलतच आल्या. तळघरात गारवा किती छान, त्या कुंडीला पाणी कोण घालतं, तुमच्या डोळ्यांखाली काळं झालंय, झोप होते का, घरी कोण कोण आहे, सासू जवळ असते का, ती बरी आहे का म्हणजे स्वभावाने. मला एकीकडे धडधडत होतं आणि या बाईंना आपल्याला कशासाठी परत बोलावलंय याचं गांभीर्यच नव्हतं. सून बिचारी पांढरीफटक पडली होती, आणि सासू माझ्या सासूची चौकशी करत होती! काही माणसांना देव अशी अजाण ठेवतो ते एका अर्थी बरंच, असं मनात आलं.

मी त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं आणि जमेल तितक्या शांतपणे म्हटलं, "मावशी, तुमच्या पाठीच्या मध्यावर एक डाग दिसलाय. तो खरा आहे की खोटा, एवढंच बघायचंय."

त्या लगेच म्हणाल्या, "खोटाच आहे हो."

मला भरून आलं. किती धीराची बाई. मी म्हटलं, "तसंच असू दे. पण नक्की बघायला हवं ना."

"नक्की काय बघायचं त्यात? मी सांगते ना, खोटा आहे. खरा घरी कपाटात आहे. हा हिने बाजारातून आणलाय, हुबेहूब तसाच. हॉस्पिटलात खरा डाग घालून कोण येतं?"

मग त्यांनी मानेमागे हात घातला आणि गाऊनच्या आतून, पाठीकडून, साखळीत अडकवलेलं एक पदक ओढून काढलं. चांगलं मणक्याएवढं. लांबट. कड अगदी नीट. मावशी दागिन्याला डाग म्हणत होत्या.

सून ओरडलीच, "आई! सगळं काढायला सांगितलं होतं ना?"

"सगळं कुठे? सोनं काढा म्हणाले. हे कुठे सोनं आहे? छातीवर काही नको म्हणाले, म्हणून मागे टाकला."

"आणि त्याच्यावर झोपलात? टोचलं नाही?"

"टोचत होतं की! पण हा सारखा ओरडत होता, हलू नका, हलू नका." त्यांनी कॅमेरामनकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "पण तुमच्या मशीनला खरा-खोटा पण कळतो? भारीच आहे हो!"

मी ते पदक हातात घेतलं. स्वस्तातलं, पण आत शिसं ओतून वजनदार केलेलं. त्यातून किरणं कशाला बाहेर येतील?

कॅमेरामनचा चेहरा बघवत नव्हता. "मी सोनंच विचारतो," एवढंच म्हणाले. "सगळ्यांना सोनंच विचारत आलो." मी म्हटलं, "आणि मी कागदावर सोनं वाचून गप्प बसले. चला, झोपवा त्यांना."

पदक सुनेच्या पर्समध्ये गेलं आणि बाई पुन्हा कॅमेऱ्याखाली. मी पडद्यासमोर उभी राहिले. बसवेना. चित्र वरून खाली भरत येतं, ठिपक्या ठिपक्यांनी. मान आली. खांदे आले. पाठ आली. एकाखाली एक मणके येत गेले, सगळे जागच्या जागी, सगळे भरलेले, आणि मधला तो, ज्याला मी तासाभरापूर्वी मोडीत काढलं होतं, तोही इतरांसारखाच. माझा जीव भांड्यात पडला. मी मोठ्याने "आहे!" म्हणाले. कॅमेरामन दचकून म्हणाले, "हलू नका!" मलाच.

सर्जनना फोन केला. हाडं स्वच्छ आहेत, घ्या उद्या. ते "बरं" म्हणाले आणि ठेवला. एका माणसाचं सगळं आयुष्य त्या "बरं"मध्ये मावलं, त्यांना पत्ताही नाही. नसू दे.

मग राहवेना, म्हणून मोठ्या डॉक्टरांना फोन लावलाच. पहिल्याच घंटेला उचलला. चुकून हातात असणार. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कड बघितलीत?" मी म्हटलं, "हो." मग म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय, ठेवतो." आवाजही जरा घोगरा होता. एक चांगला शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? असो. दुखणाऱ्या माणसावर रागवू नये.

बुधवार, १२ तारीख

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सर्जननी स्वतः फोन करून सांगितलं. असं ते कधी करत नाहीत म्हणे.

कॅमेरामनची नवीन वाक्यरचना आज दिवसभर ऐकली: "सोनं, चांदी, पितळ, खरं, खोटं, मागून आणलेलं, सापडलेलं, जे काय अंगावर असेल ते काढा. पुढचंही आणि मागचंही!" एका आजोबांनी घाबरून कवळी काढून दिली. दोघंही इतके हसलो की पुढच्या माणसाला वाटलं, इथे काहीतरी चुकीचं औषध सांडलंय.

शुक्रवार, १४ तारीख

आज एका पोस्टमनच्या कमरेत डाग निघाला. कपडे बदलले, धुऊन घेतलं, दोन बाजूंनी चित्रं घेतली. हा खरा होता. मी सही केली. कॅमेरामननी न सांगता चहा आणून ठेवला.

शनिवार, १५ तारीख

तळघरातली डॉक्टर वर वॉर्डात सहसा जात नाही. आम्हाला माणसं आतून माहीत, बाहेरून नाही. पण आज काम संपायच्या आधी गेलेच.

शिवणवाल्या मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर थकवा होता, पण तोंड चालू होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला गाऊनची शिवण किती वाईट आहे ते समजावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या डॉक्टरबाई. आज हात गरम आहेत का?"

मला कळेना. त्यांनी माझा हात धरून बघितला आणि मान डोलावली.

"त्या दिवशी पलंगावर बसवलंत ना मला, बर्फ होता नुसता. म्हटलं, ही पोरगी माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय. हिला बोलतं ठेवू या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? कशासाठी बोलावलं ते?"

"अहो, परत बोलावतात म्हणजे काय असतं ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? रिक्षातच कळलं. सुनेसमोर बोलले नाही एवढंच. ती लगेच रडते." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "येताना सगळं मनातल्या मनात लावून ठेवलं होतं. कोणाचे कपडे अर्धवट आहेत, कोणाला कोणाकडे पाठवायचं, सगळं."

माझ्या डोळ्यांसमोरून तो सगळा दुपारचा प्रसंग सरकला. कुंडी, गारवा, माझी सासू. अजाण म्हणाले होते मी त्यांना, आणि इथे लिहूनही ठेवलंय. खोडणार नाही. असू दे तसंच.

मी विचारलं, "मग मावशी, तुम्हाला धीर कोणी दिला?"

त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच की. म्हटलं, माझी ना नात्याची ना गोत्याची, आणि एवढी घाबरलीय. म्हणजे ही नीट बघेल."

शेजारच्या बाईने स्टूल माझ्याकडे सरकवलं. खाली एक स्कॅन वाचायचा राहिला होता आणि कॅमेरामन वाट बघत होते. पण मी बसले, आणि मावशींनी सांगायला सुरुवात केली, सून कशी चांगली आहे, फक्त तिला बटणांची काजं करता येत नाहीत.